नाकात स्प्रे आणि थेंब घेताना मान कशी ठेवायची? दोन्हीला एकच पद्धत चालते का?

वसमत_मेडिकल:
हळद पॉलिशचा हंगाम आला की शिंका, चोंदलेलं नाक घेऊन येणारं गिऱ्हाईक वाढतं. कुणाला फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा स्टिरॉइड स्प्रे लिहिलेला असतो, कुणाला चोंदलेलं नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब. बहुतेक जण दोन्ही मान मागं टाकूनच घेतात आणि मग 'घशात कडू उतरतं', 'घोळणा फुटला', 'काहीच फरक नाही' असं सांगत परत येतात. काउंटरवर दोन मिनिटांत नेमकं काय सांगावं?

कान_नाक_घसा_परभणी:
दोन्हीची पद्धत उलटी आहे. थेंब आपल्या वजनानं वाहतो, म्हणून उताणं झोपून डोकं खाली लटकतं हवं. स्प्रेला पंपाचा जोर असतो. तिथं मान मागं टाकली की औषध नाकाच्या तळावरून घसरून घशात जातं. कडू लागतं ते त्यामुळंच.

स्प्रेआधी नाक हळू शिंकरायचं. मिठाच्या पाण्यानं धुतलं असेल तर १० मिनिटं थांबायचं. बाटली हलवायची, नवी असेल तर बारीक धुकं येईपर्यंत हवेत दाबायची. मग पायाकडं बघितल्यासारखी मान थोडी खाली. उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा, आणि टोक त्याच बाजूच्या कानाकडं. हात बदलायचा तो याचसाठी: टोक आपोआप बाहेरच्या भिंतीकडं वळतं, आणि सुजलेल्या शंखास्थी (नाकातल्या हाडांच्या वळ्या) तिथंच असतात. त्याच बाजूच्या हातानं फवारा मारला की तो मधल्या पडद्यावर आदळतो. पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो भाग आधीच सुकलेला असतो, मग घोळणा फुटणारच.

दाबताना फूल हुंगल्यासारखा हलका श्वास. जोरात सुर्रकन ओढलं तर औषध थेट घशात.

सिस्टर_लातूर:
थेंबांचं मी सांगते. उताणं झोपायचं, खांद्याखाली उशी, डोकं खाटेच्या कडेवरून खाली, नाकपुड्या छताकडं. डॉक्टरांनी सांगितले तेवढे थेंब, साधारण २-३, आणि एक-दोन मिनिटं तसंच पडून राहायचं. लगेच उठलं की सगळं घशात. मानेचा त्रास किंवा चक्कर असलेल्या म्हाताऱ्या माणसांना डोकं लटकवायला लावू नका. त्यांनी उशी काढून कुशीवर झोपावं, खालच्या नाकपुडीत थेंब सोडावे, मग कूस बदलून दुसरीकडं. ड्रॉपर नाकाला लागू द्यायचा नाही.

दादा, एक गोष्ट मात्र प्रत्येकाला बजावून सांगाच: झायलोमेटाझोलिन ५ ते ७ दिवसांच्या वर नको. नंतर त्याच औषधानं नाक जास्त चोंदतं आणि बाटली सुटत नाही. मोठ्यांचे ०.१ टक्क्याचे थेंब लहान मुलांना तर अजिबात देऊ नका.

वसमत_मेडिकल:
आणि 'फरक नाही' म्हणणाऱ्यांना? घोळणा फुटलेल्यांना?

कान_नाक_घसा_परभणी:
स्टिरॉइड स्प्रे लागेल तसा मारायचा नसतो. रोज घेतला तर काही दिवसांत फरक दिसतो, पूर्ण गुण यायला दोनेक आठवडे लागतात. चौथ्या दिवशी बंद करणाऱ्याला काय कळणार?

रक्त आलं तर त्या बाजूचा स्प्रे थांबवा आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कळवा. बसवून पुढं वाकवा, नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटं न सोडता दाबून धरा, श्वास तोंडानं. मान मागं टाकून कांदा हुंगवू नका, रक्त पोटात जाऊन उलटी होते. अर्ध्या तासात थांबलं नाही, किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर दवाखान्यात पाठवा.