झेवियरांचा उजवा हात

एकांनी लिहिलंय की ख्रिस्ती धर्मप्रसारक सेंट फ्रान्सिस झेवियरांचं शव गोव्यात अखंड आहे. अखंड नाही हो! १५५२ मध्ये चीनजवळच्या बेटावर ते वारले, चुना घालून पुरले गेले, मग मलाक्कामार्गे १५५४ मध्ये देह गोव्यात आला. १६१४ मध्ये उजवा हात कोपराजवळ कापून रोमला पाठवला. ज्या हाताने बाप्तिस्मे दिले, तोच मुद्दाम मागवलेला. तो आजही तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. एका बाईने दर्शन घेताना पायाचं बोट चावून नेलं असंही सांगतात. खरंखोटं देव जाणे. गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये शवाची चांदीची पेटी इतकी उंचावर आहे की एरवी मान दुखेपर्यंत वर बघायचं. नीट दर्शन हवं तर दहा वर्षांनी होणारं शवप्रदर्शन गाठा. मागचं जानेवारी २०२५ मध्ये संपलं. रांगेत हिंदूही भरपूर असतात.