नर्सरीत तीन आठवडे झाले तरी रडतोय, आणि सुटताना गेटवर "दादा दादा" करून गोंधळ घालतो (बडोदा)

मांजलपूरची_आई

नमस्कार, इथे बडोद्याचे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. आमचं पिल्लू मे मध्ये तीन पूर्ण झालं आणि जूनमध्ये लगेच नर्सरीत घातलं, घराजवळचीच शाळा, नऊ ते बारा. मी मूळची सांगलीची, लग्न होऊन इथे आले त्याला सहा वर्षं झाली पण माझं गुजराती अजून भाजीवालीपुरतंच आहे. घरात सगळे मराठीच बोलतात, सासूसासरे दांडिया बाजारच्या वाड्यात वाढलेले पक्के बडोदेकर मराठी.

तर रोज सकाळी कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत मजेत असतो, "जय बाप्पा" वगैरे करतो, आणि शाळेचं निळं गेट दिसलं की ॲक्टिव्हाच्या आरशाला असा लटकतो की तो आरसा आता कायमचा आत वळलाय. पहिल्या आठवड्यात टीचर म्हणाल्या त्याचं लक्ष नसेल तेव्हा तुम्ही हळूच सटका, मी तसं केलं. आता घरी मी बाथरूमला गेले तरी बाहेर बसतो आणि दाराच्या फटीतून बोटं आत घालून ठेवतो, मी आतून ती बोटं धरायची. अंघोळ कशी करते माझं मला माहीत.

त्याहून विचित्र म्हणजे सुटताना. बारा वाजता सासरे घ्यायला जातात, तो त्यांना आबा म्हणतो आणि त्याचा जीव की प्राण आहेत ते. पण गेटवर आबांना बघितलं की आनंद व्हायचा सोडून आणखी जोरात रडतो, "दादा! दादा!" करत बॅग फेकतो. दादा म्हणजे माझ्या जाऊबाईंचा मुलगा, चौथीत आहे, त्याची शाळा दोनला सुटते, तो कशाला येईल तिथे? आबांना फार लागलंय ते, बोलत नाहीत पण रोज एक पेढा खिशात घेऊन जायला लागलेत. आणि घरी पोचेपर्यंत चड्डी ओली, नाहीतर चप्पल न काढता धावत बाथरूमला. पाण्याची बाटली जशीच्या तशी भरलेली परत येते.

मिस्टर म्हणतात चालू ठेव सवय होईल, सासूबाई म्हणतात एक वर्ष थांबू. मला काहीच सुचत नाहीये. काढू का?

कारेलीबाग_दोघींची_आई

आधी ते सटकणं बंद करा प्लीज. मी मोठीच्या वेळी चार दिवस हेच केलं होतं आणि चारच दिवसांत ती रात्री उठून मी शेजारी आहे ना ते हाताने चाचपून बघायला लागली. मुलाच्या बाजूने बघा ना, खेळण्यात रमलो की आई गायब होते हे एकदा कळलं की तो खेळण्यात रमेल कशाला, डोळ्यात तेल घालून तुमच्यावरच लक्ष ठेवणार. तुमची बाथरूमची बोटं म्हणजे तेच आहे.

धाकटीच्या वेळी मी सांगून जायचे. ठरलेलं असायचं, तीन पाप्या, मोठ्याने मोजायच्या, एक दोन तीन, मग "डबा खाल्ला, गाणं झालं, बूट घातले की आई" आणि मागे न बघता चालू पडायचं. पाच मिनिटांत येते असं खोटं नाही सांगायचं, त्यांना पाच मिनिटं कळत नाहीत पण फसवलंय हे बरोबर कळतं. ती रडायची, नाही असं नाही, पण मी वळले की थोड्या वेळात थांबायची, टीचरने व्हिडिओ पाठवला होता. एक दिवस मला राहवलं नाही, खिडकीतून डोकावले, तिने बघितलं आणि सगळं परत पहिल्यापासून. तेव्हा खिडकी नको. माझ्या जुन्या ओढणीचा रुमालाएवढा तुकडा तिच्या खिशात असायचा, तो तिने जवळजवळ दिवाळीपर्यंत नेला आणि मग कुठेतरी हरवला तर तिला पत्ताही नव्हता.

आणि हो, तीन आठवडे म्हणजे फार नाही. मधे एखादी सुट्टी किंवा ताप आला की पुन्हा दोनतीन दिवस रडारड होते, घाबरून जाऊ नका.

रावपुऱ्याचे_आजोबा

हल्ली सगळ्याचाच फार बाऊ करतात. आम्हाला १९६२ साली वडिलांनी सायकलच्या दांड्यावर बसवून बालमंदिरात सोडलं आणि ते कचेरीत निघून गेले. मी पहिल्याच दिवशी बेनना, म्हणजे बाईंना, चावलो. पंधरा दिवसांनी गप्प झालो. रमलो होतो की नुसता गप्प झालो होतो ते मला आज विचाराल तर सांगता यायचं नाही, तेव्हा कोणी विचारलं पण नाही.

बाकी आबांना सांगा मनाला लावून घेऊ नका. माझा नातूपण सहा महिने मला "तू नको आई हवी" म्हणायचा, आता मोबाईल माझ्याकडेच मागतो.

गोत्री_बाबा

वर्ष थांबण्याबद्दल फक्त एवढंच. गुजरातमध्ये २०२३-२४ पासून पहिलीला १ जूनला सहा पूर्ण लागतात. तुमचा मे चा आहे म्हणजे तो नियमाच्या अगदी काठावर आत आलाय, वर्गात सगळ्यात लहान तोच किंवा त्याच्यासारखे एकदोन असणार. त्याच्याच वर्गात जून-जुलैला जन्मलेलं कोणी असेल तर ते जवळजवळ चार वर्षांचं असेल. त्याची तुलना त्यांच्याशी करू नका, या वयात अकरा महिने म्हणजे डोंगर आहे. थांबलात तर पहिलीला सातचा असेल, त्यानेही काही आभाळ कोसळत नाही. पण काढण्याआधी अर्धा वेळ विचारून बघा, आमच्या मुलीला दोन आठवडे दहा वाजताच आणायचो, रडायच्या आत घरी.

निवृत्त_बालवाडीबेन

मी बावीस वर्षं बडोद्यातच बालवाडीत होते, शिकलेही इथेच, युनिव्हर्सिटीच्या होम सायन्सला, तेव्हा तेच नाव होतं. तुमची पोस्ट दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा वाचताना मला हसू आलं, रागावू नका.

टीचर गुजराती आहेत ना? त्या मुलांना सुटायच्या वेळी काय म्हणत असतील सांगू? "रडवानुं नहीं, हमणां दादा लेवा आवशे." गुजरातीत दादा म्हणजे वडिलांचे वडील. आजोबा हो! तुमच्या पिल्लाच्या कानावर पडतं दादा घ्यायला येणार, तो बिचारा चौथीतल्या दादाची वाट बघत बसतो आणि गेट उघडलं की समोर आबा. त्याच्या हिशोबाने रोज फसवणूक. आबांवर राग नाहीये त्याचा.

आता दुसरं. बाटली भरलेली आणि चड्डी ओली, हे मला पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे टीचर विचारतात "एकी जवुं छे? बेकी जवुं छे?" एकी म्हणजे शू, बेकी म्हणजे शी. तुमच्या घरात कोणी एकी म्हणतं का? सांगलीत तर नाहीच म्हणणार. टीचर रोज विचारत असतील, तो रोज काहीच बोलत नसेल, त्या समजत असतील याला लागलीच नाही. आणि मुलं हुशार असतात, शू सांगता येत नाही म्हटल्यावर पाणीच पीत नाहीत. तीन तास धरून ठेवणं आणि पाणी न पिणं, दोन्ही चांगलं नाही, जळजळ म्हणाला किंवा ताप आला तर वाट न बघता मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.

मी तुमच्या जागी असते तर उद्याच टीचरना भेटून दोन शब्द लिहून दिले असते, गुजराती लिपीत, सासऱ्यांकडून लिहून घ्या. आबा म्हणजे दादा, शू म्हणजे एकी. टीचर चांगल्या असतील तर त्यांना वाईट वाटणार नाही, उलट बरं वाटेल, तीस मुलांत कोण घरी काय बोलतं त्यांना कसं कळणार. मग एक दिवस शाळा सुटल्यावर, गर्दी गेल्यावर, त्याला घेऊन तिथल्या बाथरूममध्ये जा. नळ त्याला उघडू दे, फ्लश असेल तर आधी तुम्ही करा आणि तो लांब उभा राहू दे, खूप मुलं त्या आवाजालाच घाबरतात, घरी बादली असते ना. भारतीय पद्धतीचं असेल तर पाय कुठे ठेवायचे ते दाखवा. आणि बटण-चेनची पँट असेल तर आजच बदला. इलॅस्टिकची. हे मी प्रत्येक जूनमध्ये प्रत्येक आईला सांगायचे आणि प्रत्येक जूनमध्ये निम्म्या आया युनिफॉर्मची हुकवाली पँट घालूनच पाठवायच्या.

सटकू नका हे वरच्या ताईंनी सांगितलंच आहे, टीचरचा त्यात वाईट हेतू नसतो, गेटवर वीस जण रडत असतात तेव्हा तिलाही काहीतरी करायचं असतं. मी पण सुरुवातीला आयांना तेच सांगायचे, मग थांबवलं.

गुजराती शाळा म्हणून परकं मात्र समजू नका. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढलं, मिशीवाले गृहस्थ, आणि लोक त्यांना मूछाळी मा म्हणजे मिशीवाली आई म्हणायचे. त्यांच्याबरोबर तिथे काम करायला कोण होतं, तर आपल्या ताराबाई मोडक. मराठी बाई गुजराती मुलांत. तुमच्या पोराला गुजराती यायला दिवाळी पण लागणार नाही बघा, तुमचंच राहून जाईल.

इंदूरी_पोहे

बडोद्याचा नाही पण राहवत नाही म्हणून लिहितोय. आमच्याकडे घरी मराठी बाहेर हिंदी. मुलगा नर्सरीत असताना टीचरची डायरीत तक्रार, बच्चा टिफिन ज़मीन पर रख देता है, खाता नहीं. रोज तेच. शेवटी बायकोने वर्गात बसून बघितलं तर मॅडम म्हणतात "चलो सब डब्बा खाली करो" आणि आमचे चिरंजीव आज्ञाधारकपणे डबा उचलून खाली ठेवतात. हाताची घडी घालून बसतात. काय चुकलं त्याचं?

मांजलपूरची_आई

मी बालवाडीबेनचं उत्तर सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत आणि मग एवढे हसले की सासूबाई स्वयंपाकघरातून बघायला आल्या. म्हणतात, मी साठ वर्षं गुजरात्यांमध्ये काढली आणि हे माझ्या लक्षात नाही आलं? मग त्यांनीच कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात गुजरातीत लिहून दिलं आणि स्वतः टीचरना नेऊन दिलं.

पँटचं पण खरंच हुकच होतं. 😔

मांजलपूरची_आई (दहा दिवसांनंतर)

अपडेट द्यायचं राहिलं, पावसाने दोन दिवस शाळाच बंद होती.

टीचर खूप चांगल्या निघाल्या. म्हणाल्या रोज विचारायची, हा माझ्याकडे बघून फक्त मान हलवायचा म्हणून मला वाटायचं नाही म्हणतोय. आता त्या त्याला "शू?" एवढंच विचारतात आणि तो उठतो. बाटली अर्धी रिकामी येते. बाथरूमला आम्ही सुटल्यावर तीन दिवस गेलो, फ्लशला तो "वाघ" म्हणतो (कमाटी बागेत वाघ बघितल्यापासून सगळे मोठे आवाज वाघच आहेत), पहिल्या दिवशी दारातून, दुसऱ्या दिवशी माझ्या मागून, तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः दाबला आणि पळाला.

गेटवर आबांना बघून पहिल्या दिवशी पण दादा म्हणाला, पण बॅग नाही फेकली, आता टीचर "आबा आव्या" म्हणतात. पेढा मात्र चालू आहे, तो बंद करायचं नाव कोणी काढत नाही.

सकाळचं अजून आहे. तीन पाप्यांचं करतेय, तिसऱ्या पापीला ओठ वाकडा होतो, परवा सुट्टीनंतर परत आरशाला लटकला. पण बाथरूमबाहेर आता फक्त बसतो, बोटं आत नाही घालत, मधूनमधून "आई आहेस?" विचारतो, मी "आहे" म्हणते. अर्धा वेळ विचारलं होतं, टीचर म्हणाल्या या आठवड्यात साडेअकराला न्या, बघू.

काल संध्याकाळी सगळे जेवायला बसलो होतो आणि हा मधेच उठून सासूबाईंना म्हणतो, "आजी, एकी जवुं छे." सासूबाईंनी पण लगेच "जा बेटा" म्हटलं आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो.

बरं, मांजलपूर किंवा वाडी साइडला युनिफॉर्मच्या निळ्या रंगात इलॅस्टिकची हाफ पँट कुठे मिळेल? शाळेच्या दुकानात हुकवालीच आहे, टेलरकडे दिली तर तो म्हणतो पुढच्या बुधवारी.

कारेलीबाग_दोघींची_आई

मंगळ बजारमध्ये बघा, रंग थोडा इकडेतिकडे झाला तर नर्सरीत कोणी काही म्हणत नाही. दोन घ्या पण, पावसाळा आहे, एक वाळतच नाही.