नुसतं ‘टँकर’ म्हणू नये, पटतंय का?

म्हापशाचा माणूस
गेल्या रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला, ‘टँकर आलाय’. नळ दोन दिवस कोरडे. बायकोने बादल्या, कळशा, भाताचं तपेलंसुद्धा जिन्याखाली मांडलं. गाडी फाटकातून आत आली, माणसाने जाडजूड पाइप ओढला आणि सेप्टिक टँकचं झाकण उघडलं. पुढचं सांगत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की टँकर हे भांड्याचं नाव झालं, आतल्या मालाचं नाही. कुर्टीला गोवा डेअरीत जातो तोही टँकर आणि हाही टँकर. निदान वर्तमानपत्रांनी ‘टँकर उलटला’ असा मथळा देऊ नये. जानेवारी २०१८ मध्ये चिखलीला हमरस्त्यावर उलटला तो अमोनियाचा होता, लोकांना रात्री घरं सोडून पळावं लागलं. पेट्रोलचा उलटला तर लोक कॅन घेऊन धावतात. दोन्हीकडे शब्द एकच?

तारवटी, वास्को
बाब, रस्त्यावरच्या घोळाचा दोष शब्दाला लावू नका. जहाजावर हा शब्द अगदी काटेकोर आहे. द्रव माल थेट जहाजाच्या टाक्यांत ओतून नेला तर टँकर. तेच तेल पिंपांत भरून नेलं तर नाही. पुढे क्रूड (कच्चं तेल), प्रॉडक्ट (शुद्ध केलेलं तेल), केमिकल, गॅस अशा जाती, आणि तेलाच्या टँकरवर काम केलेल्याला गॅसच्या टँकरवर तसाच चढवत नाहीत, वेगळं प्रशिक्षण लागतं.

घोळ किनाऱ्यावरचे लोक करतात. कांदोळीला २००० साली रुतलेलं ‘रिव्हर प्रिन्सेस’ आठवतं ना? कितीतरी वर्षं पर्यटकांना ‘तेलाचा टँकर’ म्हणून दाखवलं. ते खनिज वाहणारं जहाज होतं! २०१९ मध्ये दोनापावलाला खडकांत अडकलेलं ‘नू शी नलिनी’ मात्र खरोखर नाफ्ता, म्हणजे पेट्रोलसारखं चटकन पेटणारं तेल, घेऊन होतं, तिथे घाबरणं रास्त होतं.

शुद्धलेखन
मुळात इंग्रजी शब्द कशाला? ‘तेलवाहू जहाज’, ‘इंधनवाहू विमान’ हे छान रुळलेत. लष्करी टँकला आपण ‘रणगाडा’ म्हणतोच की. त्याच चालीवर ‘जलवाहू’ म्हणा, म्हापशाच्या वहिनींची कळशीही वाचेल.

केपेकर
शुद्धलेखनराव, इंग्रजी कुठला? शिवनेरीवर पाण्याची गंगा-जमुना टाकी आहेत, ती कुठल्या साहेबाने खोदली? मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात ‘टांकें’ आहे, अर्थ दगडविटांचा जलसाठा. इंग्रजांनी ‘टँक’ उचलला तो गुजराती-मराठीकडून, असं त्यांचेच कोशकार मांडतात. फक्त पोर्तुगीजांचा ‘तांक’ही त्यात मिसळलाय, त्याची व्युत्पत्ती पाणी अडवणे, थोपवणे याकडे जाते. आधी कोण, यावर पंडित अजून भांडतात. गोव्यात बसून दोन्ही बाजू आपल्याच म्हणायच्या. शेपटीचा ‘-र’ तेवढा साहेबाचा.

आणि तुमच्या रणगाड्याचीही गंमत ऐका. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी ते यंत्र गुप्त ठेवायला ‘पाण्याची टाकी बनवतोय’ अशी थाप मारली, तीच नाव होऊन बसली.

शुद्धलेखन
मूळ कुठलंही असो, परत आला तो इंग्रजी वेशात. माझा मुद्दा वेशाबद्दल आहे.

दाबोळीजवळ राहतो
वेगळी नावं होतात, पण ठरवून होत नाहीत. विमानात इंधन भरणारी गाडी ‘बाउझर’. हे एका अमेरिकन माणसाचं आडनाव, १८८५ पासून तो पंप बनवून विकायचा. गॅसच्या लांबट गाडीला ड्रायव्हर लोक ‘बुलेट’ म्हणतात. ‘जलवाहू’ म्हणून हाक मारली तर एकही ड्रायव्हर मान वळवणार नाही.

सत्तरीची सून
पुरुषमंडळी व्युत्पत्तीत रंगली. आमच्याकडे टँकर हे ना वाहन ना भांडं, ते माप आहे. ‘बारशाला दोन टँकर लागले’, ‘टँकरला किती घेतो?’ मराठवाड्याला ‘टँकरवाडा’ म्हणतात तेव्हा कोणी गाड्या मोजत नसतं.

आणि मापातच खोट. आमची जमिनीखालची टाकी आतून तीन मीटर बाय दोन मीटर. दहा हजार लिटर ओतले तर पाणी जवळजवळ एक मीटर सदुसष्ट सेंटिमीटर चढायला हवं. मी बांबूला खडूने खुणा करून आत सोडला. सव्वा मीटर! म्हणजे साडेसात हजार. गाडीवाल्याला सांगितलं तर म्हणतो, ‘वहिनी, टँकर म्हणजे टँकर.’ तेव्हा काकांनो, आत काय आहे ते गाडी रिकामी झाली की कळतंच. किती आहे ते शब्दात आणा.

तारवटी, वास्को
वहिनी, तुम्ही केलंत त्याला जहाजावर साउंडिंग म्हणतात. टाकीत फीत सोडून पातळी बघायची, तक्त्यावरून मालाचं माप काढायचं. पण भरण्याआधीची खूण वजा केलीत ना? टाकीत जुनं पाणी उरलेलं असतं.

सत्तरीची सून
टाकी कोरडी होती म्हणूनच तर टँकर मागवला, काका.

म्हापशाचा माणूस
वहिनी, मीही आता एक बांबू आणून ठेवतो. मथळ्याचं मात्र मी सोडत नाही. आणि आमच्या ग्रुपवर परत ‘टँकर आलाय’ आलं तर आधी वास घेऊन मगच बादली काढणार.