संगीत चॅनेलवर ऐकलेलं गाणं नंतर सापडतच नाही

पर्वरीकर: टीव्हीवर आणि यूट्यूबवर मांडो (गोव्यातली जुनी कोंकणी प्रेमगीतं), कांतारां (कोंकणी गाणी), नाट्यगीतं, जॅझ सगळंच ऐकतो. एखादं गाणं मनात घर करतं, पण नाव हाती लागत नाही. जुन्या कोंकणी गाण्यांपुढे शझॅम हे गाणं ओळखणारं ॲप हात टेकतं. वर यूट्यूब तीच ती गाणी पुढे करतं. उपाय सांगाल का?

म्हापसेकर: शझॅम चाल ओळखत नाही, ठराविक ध्वनिमुद्रणाचा ठसा जुळवतं. तियात्राच्या (कोंकणी संगीत नाटकाच्या) मंचावरचं गाणं किंवा मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवरून चुकीच्या वेगाने उतरवलेलं गाणं म्हणूनच सापडत नाही. अशा वेळी गूगल ॲपमध्ये माइक दाबा, गाणं शोधण्याचा पर्याय निवडा आणि १० ते १५ सेकंद गुणगुणा. शब्द नकोत, ध्रुवपदाची चाल पुरे. टीव्हीवर मात्र सुरुवातीला आणि शेवटी नावाची पट्टी येते, तिचा सरळ फोटो काढा.

फोंड्याचा रसिक: कोंकणी गाणी देवनागरीत शोधू नका, बरीचशी रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत, चढवलेली असतात. रोमीत 'श'ला एक्स लागतो आणि शेवटच्या अनुनासिकाला एम. 'वैतां' शोधताना शेवटी एम घालून बघा, फरक लगेच दिसेल.

आणि नुसत्या गायकामागे जाऊ नका, संगीतकार धरा. कोंकणी गायिका लॉर्नाचं गाणं आवडलं तर क्रिस पेरी शोधा. त्यांच्या ब्रास वाद्यांतून तुम्ही आपसूक जॅझकडे वळता. 'हांव सायबा पलतडीं वैतां' ही देखणी (गोव्याचं पारंपरिक नृत्यगीत) ऐकलीत, की 'बॉबी'तलं (१९७३) 'ना मांगूं सोना चांदी' लावा, चाल लगेच ओळखू येईल. शास्त्रीय संगीतात गुरू धरायचा. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, दोघींनाही अल्लादिया खाँसाहेबांची तालीम. केसरबाईंची भैरवी 'जात कहां हो' १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेली. तिथून सुरुवात करा, मग मोगूबाई, मग त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर. गायकी कशी बदलत गेली ते कानाला कळतं, आणि हे ऐकणं खरोखर भाग्याचं आहे.

पर्वरीकर: देव बरें करूं! आणि यूट्यूबचं काय?

म्हापसेकर: ऑटोप्ले बंद करा. रात्रभर आपोआप वाजलेली गाणीही तुमच्या इतिहासात जमा होतात आणि सूचना त्यावरूनच येतात. इतिहासातून नको ती गाणी काढून टाका. घरात पोरं त्याच खात्यावर कार्टून बघत असतील तर गाण्यांसाठी वेगळं खातं उघडा.