आयोवात तिसरी, न्यू हॅम्पशायरमध्ये चौथी... आता पुढचं काम कुठल्या मनाने करायचं?

सायली_बॉस्टन (१३ फेब्रुवारी २०२०)

मंडळी, कोण चांगलं कोण वाईट यावर भांडण नकोय, वेगळंच विचारायचंय. मी पानगळीपासून एलिझाबेथ वॉरनसाठी व्हॉलंटिअर करतेय, ती आमच्या मॅसॅच्युसेट्सची सिनेटर, डेमोक्रॅट पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवायला उभी आहे. ग्रीन कार्डवर आहे म्हणजे मत देता येत नाही, पण फोन करता येतात, लोकांच्या दारात जाता येतं, म्हणून वीकेंडला आम्ही काही जणी गाडी काढून न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआला जायचो, हातमोजे घालून पत्रकं वाटायची, कोणी दार उघडायचं कोणी नाही. मी यात पडले ती तिच्या डेकेअरच्या योजनेमुळे, कुठल्याही कुटुंबाचा खर्च उत्पन्नाच्या ७ टक्क्यांवर जाऊ नये आणि पैसा यायचा ५ कोटी डॉलरच्या वरच्या संपत्तीवर २ टक्के कर लावून. बॉस्टनमध्ये दोन लहान मुलं ज्यांना आहेत त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आणि मंगळवारी न्यू हॅम्पशायरमध्ये ९ टक्के. शेजारचं राज्य, जिथे आम्ही सगळ्यात जास्त राबलो तिथेच. डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, शून्य. दुसरा एक उमेदवार अँड्र्यू यँग त्याच रात्री बाहेर पडला. आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर निम्मे लोक गप्प झालेत आणि निम्मे "अजून काही बिघडलेलं नाही" म्हणताहेत, आणि मला दोन्ही पटत नाहीये. आपण धीर धरतोय की स्वतःची समजूत घालतोय, हे माणसाने ओळखायचं कसं?

खानदेशी_शार्लट

सायली, आधी आकडे बघ, टीव्ही नंतर. आयोवाचे ४१ आणि न्यू हॅम्पशायरचे २४ डेलिगेट, मिळून ६५. एकूण ३९७९ आहेत. म्हणजे दोन टक्केसुद्धा वाटून झालेले नाहीत. ३ मार्चला बरीच राज्यं एकदम मत देणार, त्यात एकट्या कॅलिफोर्नियात ४१५ आहेत, आमच्या नॉर्थ कॅरोलिनात ११०, तुमच्याकडे ९१. दुसरं, ही दोन्ही राज्यं जवळपास ९० टक्के गोरी, आणि साउथ कॅरोलिनात डेमोक्रॅट प्रायमरीला (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानाला) येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय असतात, त्यांना अजून कोणी विचारलेलंच नाही. बिल क्लिंटन ९२ला ही दोन्ही राज्यं हरला होता, पहिलं राज्य जिंकला ते जॉर्जिया, मार्चमध्ये.

आणि आमच्याकडे आजपासून अर्ली व्होटिंग (ठरल्या दिवसाआधी मत द्यायची सोय) सुरू झालंय, लोक मत द्यायला लागलेत, ग्रुपवर गप्प बसायला वेळच नाहीये.

स्पष्टवक्ता

क्लिंटन न्यू हॅम्पशायरमध्ये दुसरा होता हे पण सांगा ना. १९७२ ते २०१६ पर्यंत तिथे पहिल्या दोघांत न आलेला माणूस कुठल्याच मोठ्या पक्षाचा उमेदवार झालेला नाही. मला सायलीताईंचं मन मोडायचं नाहीये, पण त्यांनी प्रश्नच असा विचारलाय की खरं सांगायला हवं. "आपलं राज्य पुढे आहे" म्हणत बसण्याचं उदाहरण म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा रूडी जुलियानी, न्यूयॉर्कचा माजी महापौर. २००७ मध्ये देशभरच्या पोलमध्ये पुढे होता, सुरुवातीची राज्यं जवळजवळ सोडून दिली आणि सगळा डाव फ्लोरिडावर लावला, तिथे तिसरा आला आणि दुसऱ्या दिवशी संपलं. मधल्या काळात लोक त्याला विसरले, कारण जिंकणाऱ्याच्या बातम्या होतात आणि बातम्यांमागून देणग्या जातात. पहिल्या दोन राज्यांची किंमत डेलिगेटमध्ये मोजली की कमीच दिसणार.

शिकागोचे_काका

मी ७४ साली शिकायला आलो तेव्हापासून या निवडणुका बघतोय, त्यामुळे थोडं लांबेल. सायली बेटा, ७६ची रेगनची रिपब्लिकन प्रायमरी वाच. माझा आणि त्याच्या मतांचा काही संबंध नाही, पण गोष्ट सांगण्यासारखी आहे. समोर फोर्ड, म्हणजे गादीवर बसलेला राष्ट्राध्यक्ष, स्वतःच्याच पक्षाचा. न्यू हॅम्पशायर रेगन दीडेक हजार मतांनी हरला, मग मॅसॅच्युसेट्स, फ्लोरिडा, आणि मग आमचं इलिनॉय, जिथे त्याचा जन्म झाला तिथेही. आम्ही हॉस्टेलवर पेपर वाचून म्हणत होतो, संपला हा. प्रचारावर कर्ज, पक्षातले बडे लोक म्हणताहेत थांब आता. आणि २३ मार्चला नॉर्थ कॅरोलिना जिंकला! सिनेटर जेसी हेल्म्सच्या माणसांनी तिथे जमिनीवर काम केलं होतं आणि रेगनचं अर्ध्या तासाचं भाषण टीव्हीवर लावलं होतं. मे महिन्यात टेक्सास तर सगळंच्या सगळं घेतलं.

पण पुढचंही ऐक, कारण लोक इथेच थांबतात. ऑगस्टमध्ये कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात तो हरलाच, ११८७ विरुद्ध १०७०. म्हणजे मार्चमध्ये ज्यांनी हात आखडला नाही त्यांना त्या वर्षी काहीच मिळालं नाही. ८०ला पुन्हा उभा राहिला, आयोवात थोरल्या बुशकडून हरला, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच, की कधी थांबायचं ते हरायच्या आधी ठरवून ठेव, हरल्याच्या रात्री ठरवू नकोस. डेमोक्रॅट पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटतात, म्हणून एकदा कोणी दोनेकशेची आघाडी घेतली की ती तोडणं महाकठीण. २००८मध्ये हिलरीने ओहायो जिंकलं, पेनसिल्व्हेनिया जिंकलं, तरी ओबामाची फेब्रुवारीतली आघाडी भरून निघाली नाही. ४ मार्चला सकाळी हिशेब मांड. तोवर रोज सकाळी मांडू नकोस.

खानदेशी_शार्लट

काकांना +१. आणि १५ टक्क्यांची अट लक्षात ठेव, त्याहून कमी मतं पडली तर डेलिगेट मिळत नाहीत, पण ती राज्यभराला वेगळी आणि प्रत्येक काँग्रेशनल डिस्ट्रिक्टला (मतदारसंघाला) वेगळी लागते. राज्यात १३ टक्के पडले तरी एखाद्या डिस्ट्रिक्टमध्ये १६ पडले तर तिथले डेलिगेट मिळतात. म्हणजे तू ज्या गल्लीत फिरतेस तिथली शंभर मतं खरोखर मोजली जातात, हे काही समजूत घालणं नाही.

सायली_बॉस्टन

सगळ्यांचे खूप आभार. स्पष्टवक्ता, तुमचं वाचून वाईट वाटलं पण १९७२चं ग्रुपवर टाकलंय, लोकांना माहीत असलेलं बरं. काका, ४ मार्च ठरला. वॉरन आघाडीवरच्या माणसाच्या फार मागे असेल तर मी थांबेन, आणि डेकेअरसाठी जो कोणी काही करणार असेल त्याचं काम करेन, कारण मुळात मी आले त्यासाठीच.

नेवाडाला शनिवारपासून अर्ली व्होटिंग आहे, तिकडचे फोन घेतलेत. आणि इथे एक गोष्ट आधीच करायला हवी होती असं आत्ता सुचतंय, आमच्या ओळखीतले कितीतरी मराठी लोक सिटिझन झालेत पण "आम्ही कुठल्या पक्षात नाही" म्हणून प्रायमरीला जातच नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये पक्ष न नोंदवलेल्यांनाही प्रायमरीत मत देता येतं. आज रात्री मुलं झोपली की त्यांची यादी करायला बसतेय. शार्लटवाले, तुमच्याकडेही तसंच आहे ना?

खानदेशी_शार्लट

हो, अनअफिलिएटेड (पक्ष न नोंदवलेले) असाल तर बूथवर कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचं, बस. माझी पण यादी करतो, उद्या मेसेज कर.