मदत हवी आहे: वडिलांच्या पायाच्या जखमेत स्यूडोमोनास जंतू, कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. वडील ६८ वर्षांचे, मधुमेह जुना. निफाडच्या द्राक्षबागेत टाचेला काटा रुतला. पाय बधिर असल्याने जखम चिघळेपर्यंत त्यांना कळलंच नाही. आता पट्टी सोडली की हिरवट डाग आणि द्राक्षासारखा गोडसर वास येतो. आमच्या घराला द्राक्षाचा वास नवा नाही, पण हा सहन होत नाही.

कल्चरमध्ये (जखमेतला जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात त्यात) स्यूडोमोनास एरुजिनोसा आला. सेफ्टाझिडिम, सिप्रोफ्लॉक्सासिन, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, मेरोपेनेम, या सगळ्या अँटिबायोटिकांपुढे 'आर', म्हणजे चालत नाही. फक्त अमिकासिनला 'एस' (चालतं) आणि कोलिस्टिनला 'आय' (मधलं). सर्जन कोलिस्टिन सुरू करू म्हणतात. पण नानांचं (वडिलांचं) क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा, आधीच २.१ आहे, म्हणजे वाढलेलं, आणि ही दोन्ही औषधं किडनीला जड.

हा जंतू माती-पाण्यात, ओल्या जागी असतोच, धडधाकट माणसाला सहसा त्रास देत नाही, असं वाचलं. औषध आत शिरायची दारं बंद करतो, शिरलेलं पंपाने बाहेर फेकतो, हेही वाचलं. माझा प्रश्न वेगळा आहे. नमुना जखमेच्या वरूनच स्वॅबने घेतला होता. ताप नाही, सूज-लाली नाही. मग तो नुसता वर बसलाय की हाडापर्यंत गेलाय, हे कसं ठरवतात? पाय कापावा लागेल का, असं नाना रोज विचारतात. कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद:

ताई, मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे. औषध द्यायचं की नाही ते डॉक्टरच ठरवतील, पण तुमची शंका रास्त आहे. वरच्या स्वॅबमध्ये जखमेवर नुसते वस्तीला आलेले जंतूही उगवतात. जखम साफ करून तळातला मांसाचा तुकडा कल्चरला पाठवायला सांगा. पायाचा एक्स-रे आणि रक्तपुरवठ्याची तपासणी झाली का, तेही विचारा. संसर्गाची लक्षणंच नसतील तर अशा जखमेला अँटिबायोटिक देत नाहीत. ड्रेसिंग, टाचेवरचा भार काढणं आणि साखर ताब्यात ठेवणं, यावरच भर असतो.

'आय' बघून घाबरू नका. सीएलएसआय या संस्थेच्या लॅब-तपासणीच्या नियमांत २०२० पासून कोलिस्टिनला 'एस' हा शेराच नाही. सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम या जोड-औषधाची चाचणी लावून घ्या; मात्र जंतूकडे एनडीएमसारखं औषध तोडणारं एन्झाइम असेल तर तेही चालत नाही. कोलिस्टिन द्यायचंच ठरलं तर आधी किडनीच्या डॉक्टरांना दाखवा.

ताप, थंडी, गुंगी आली किंवा लाली वर चढू लागली तर रिपोर्टची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा. एक्स-रे काढला असेल तर त्यात काय आलं ते इथे लिहा.