पुणे विद्यापीठाची माहिती एका पानावर: आकडे जुळत नाहीत, कोणते घ्यावेत?

वाचनकट्टा (धागाकर्ता)

तालुक्याच्या ग्रंथालयात बारावीनंतरच्या वाटांसाठी एक फलक लावायचा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासाठी त्यात एक पान राखून ठेवले आहे. स्थापना, कार्यक्षेत्र, परिसर, महाविद्यालये, विद्यार्थी, श्रेणी आणि क्रमवारी एवढीच माहिती द्यायची आहे, पण प्रत्येक ओळीवर अडायला होते.

स्थापना कुठे १९४८ सापडते, कुठे १९४९. जिल्हे बारा, पाच आणि तीन असे तिन्ही आकडे छापलेले दिसतात. संलग्न महाविद्यालयांचा आकडा तर दोन पुस्तकांत एकसारखा मिळत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठ तिसरे आले असे एका कात्रणात आहे, दुसऱ्यात तेविसावे. आणि 'राज्य सार्वजनिक विद्यापीठ' म्हणजे नेमके काय, हे मुलांना दोन ओळींत कसे सांगायचे?

जाणकारांनी कृपया सांगावे. फलक निदान दोन वर्षे भिंतीवर राहणार आहे, म्हणून चुकीचे काही जायला नको.

---

अधिसभा वाचक

आधी कायद्याचा भाग सांगतो, तो पक्का झाला की निम्मे घोळ आपोआप मिटतात.

पुणे विद्यापीठाचा कायदा मुंबई विधिमंडळाने १९४८ साली केला आणि त्या कायद्याखाली विद्यापीठ स्थापन झाले ते १० फेब्रुवारी १९४९ रोजी. वर्धापनदिन १० फेब्रुवारीला असतो आणि अमृतमहोत्सवी वर्षही २०२४ मध्ये पूर्ण झाले. त्यामुळे फलकावर 'स्थापना: १० फेब्रुवारी १९४९ (कायदा १९४८)' असेच लिहा. पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. तेव्हा संलग्न महाविद्यालये होती १८ आणि विद्यार्थी आठ हजारांच्या आसपास. ही १८ महाविद्यालये काही नवी काढलेली नव्हती. पुण्यातली जुनी महाविद्यालये तोवर मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणूनच फर्ग्युसनची स्थापना १८८५ ची आणि विद्यापीठाची १९४९ ची असे दिसते. मुले हा प्रश्न हमखास विचारतात.

जिल्ह्यांचे तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त काळ वेगळा. सुरुवातीला पश्चिम महाराष्ट्रातले १२ जिल्हे, अगदी जळगावपर्यंत. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, दक्षिणेकडचा पट्टा तिकडे गेला आणि पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे, जळगाव हे पाच उरले. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले आणि धुळे, जळगाव तिकडे गेले. म्हणून आज तीन: पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर). नाशिक आणि अहिल्यानगर इथे उपकेंद्रे आहेत. सोलापूर पुण्यातून फुटले असे काही जण लिहितात, ते चूक. सोलापूर आधी शिवाजी विद्यापीठाकडे होते आणि २००४ मध्ये तिथून वेगळे झाले.

आता 'राज्य सार्वजनिक'. जे खासगी नसून राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झाले आणि तशाच कायद्याने चालते ते राज्य सार्वजनिक विद्यापीठ. सध्याचा कायदा म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. तो लागू झाला १ मार्च २०१७ पासून. त्याआधी १९९४ चा, त्याआधी १९७४ चा आणि मुळात १९४८ चा. कुलपती हे पदसिद्ध राज्यपाल असतात. कुलगुरूंची मुदत पाच वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, आणि त्याच व्यक्तीची फेरनियुक्ती होत नाही. अर्थसंकल्प आणि समाजाचा अभिप्राय अधिसभेत, धोरण आणि कारभार व्यवस्थापन परिषदेत, अभ्यासक्रमाचा शेवटचा शब्द विद्यापरिषदेचा. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून १० जण निवडून जातात. हे फलकावर अवश्य टाका, कारण पदवी मिळाली की मतदार होता येते हे बहुतेकांच्या गावीही नसते. नोंदणी मात्र आपोआप होत नाही, अर्ज भरावा लागतो.

---

नोंदवही

महाविद्यालयांच्या आणि विद्यार्थ्यांच्या आकड्याबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात.

'संलग्न महाविद्यालये', 'मान्यताप्राप्त परिसंस्था' आणि 'विद्यापीठाचे स्वतःचे विभाग' ही तीन वेगळी खाती आहेत. मान्यताप्राप्त परिसंस्था म्हणजे प्रामुख्याने संशोधन किंवा ठरावीक पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्था, त्या पदवी महाविद्यालये नसतात. कुणी फक्त पहिले खाते मोजतो, कुणी पहिले दोन मिळवतो आणि दोघेही 'महाविद्यालये' हाच मथळा देतात. शेकड्यांनी फरक येतो तो यामुळे. स्वायत्त महाविद्यालये काही जण वजा करतात, तेही चूक. फर्ग्युसनसारखे महाविद्यालय स्वायत्त असले तरी संलग्नच असते: अभ्यासक्रम आणि परीक्षा त्याची, पदवी विद्यापीठाची.

विद्यार्थ्यांचेही तसेच. गणेशखिंडच्या परिसरातल्या विभागांत शिकणारे काही हजार, आणि तीन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांसह धरले तर आकडा कित्येक लाखांत जातो. 'विद्यापीठात इतके लाख विद्यार्थी' असे वाचून मुले परिसरात लाखोंची गर्दी कल्पतात. आणखी एक सापळा परीक्षार्थींचा. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, मागचे विषय राहिलेलेही फॉर्म भरतात. हिवाळी आणि उन्हाळी फॉर्मांची बेरीज करून कुणी 'विद्यार्थीसंख्या' छापली असेल तर ती फुगलेलीच असणार.

नेमका आकडा हवा असेल तर या क्रमाने जा. पहिल्यांदा विद्यापीठाचा वार्षिक अहवाल. तो विधिमंडळापुढे ठेवावा लागतो, म्हणून जबाबदारीचा कागद आहे. त्यात जिल्हानिहाय आणि विद्याशाखानिहाय तक्ते मिळतात. दुसरे, केंद्राचे उच्च शिक्षण सर्वेक्षण (आयशे). त्यात विद्यापीठाला 'यू', महाविद्यालयाला 'सी' आणि स्वतंत्र संस्थेला 'एस'ने सुरू होणारा सांकेतिक क्रमांक असतो. 'सी'वाल्या नोंदी मोजल्या की महाविद्यालयांचा आकडा हाती येतो. दोन्हींत फरक पडला तर घाबरू नका. मोजणीची तारीख वेगळी असते, आणि ज्या महाविद्यालयांनी त्या वर्षी माहिती भरलीच नाही ती सर्वेक्षणात दिसत नाहीत. मी वार्षिक अहवाल धरेन आणि शेजारी वर्ष लिहीन.

तुमचा फलक दोन वर्षे टिकवायचा असेल तर या ओळीत छापील आकडा नको. '__ महाविद्यालये (वार्षिक अहवाल, सन __)' अशी जागा सोडा आणि पेन्सिलने भरा. नवी महाविद्यालये दर शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर वाढतात, काही बंद पडतात, काही दुसऱ्या विद्यापीठाकडे जातात.

---

वाचनकट्टा

पेन्सिलची सूचना लगेच घेतली. आता श्रेणी आणि क्रमवारी राहिली. नॅकची (राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद) श्रेणी ३.६० गुणांसह 'ए प्लस' असल्याचे वाचले. पण नॅकच्या तक्त्यात ३.५१ च्या वर 'ए प्लस प्लस' लिहिले आहे. मग गुण चुकीचे की श्रेणी?

---

अधिसभा वाचक

दोन्ही बरोबर. पट्टे बदलले आहेत. २०१७ च्या जुलैआधी नॅकचे पट्टे असे होते: ३.७६ ते ४.०० 'ए प्लस प्लस', ३.५१ ते ३.७५ 'ए प्लस', ३.०१ ते ३.५० 'ए'. विद्यापीठाचे मूल्यांकन या पट्ट्यांत झाले, म्हणून ३.६० ला 'ए प्लस' मिळाले. जुलै २०१७ पासून ३.५१ च्या पुढे सगळे 'ए प्लस प्लस' झाले आणि ३.२६ ते ३.५० 'ए प्लस'. जुन्या गुणांना नवा पट्टा लावायचा नसतो. त्यामुळे ३.६० वाले 'ए प्लस' आणि नंतरच्या एखाद्या विद्यापीठाचे ३.३० वाले 'ए प्लस' शेजारी ठेवून तुलना करणे हा पहिल्यावर अन्याय आहे. श्रेणीसोबत गुण आणि मूल्यांकनाचे वर्ष लिहा, आणि श्रेणीला मुदत असते हेही लिहा. फलक लावण्याआधी पुढच्या फेरीचा निकाल लागला आहे का ते नॅकच्या यादीत तपासून घ्या.

एनआयआरएफचेही, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय क्रमवारीचेही, साधे आहे. २०२४ मध्ये 'राज्य सार्वजनिक विद्यापीठे' हा गट पहिल्यांदाच वेगळा काढला. त्यात पुणे तिसरे, चेन्नईचे अण्णा आणि कोलकात्याचे जादवपूर या विद्यापीठांच्या मागोमाग. त्याच वर्षी सगळ्या प्रकारच्या विद्यापीठांच्या गटात २३ वे, आणि आयआयटी वगैरे धरून एकूण यादीत ३७ वे. तीन याद्या, तीन क्रमांक. फलकावर कोणता टाकायचा ते तुम्ही ठरवा, पण गटाचे नाव आणि वर्ष क्रमांकाच्या आधी यायला हवे. क्रमवारी दर वर्षी हलते आणि बरीच हलते. प्रवेश ठरवताना विद्यापीठाच्या क्रमांकापेक्षा त्या महाविद्यालयातला तो विभाग, तिथल्या भरलेल्या प्राध्यापक-जागा आणि अभ्यासक्रम अनुदानित आहे की कायम विनाअनुदानित हे पाहणे जास्त मोलाचे आहे. एकाच इमारतीत बी. एस्सी. अनुदानित आणि शेजारचा बी. एस्सी. संगणकशास्त्र विनाअनुदानित असतो. शुल्कातला फरक तिथून येतो.

---

खान्देशी मास्तर

कार्यक्षेत्राच्या ओळीखाली एक बारीक टीप हवीच. धुळे, जळगाव १९९० मध्ये वेगळे झाले तरी त्याआधीच्या पदव्या पुणे विद्यापीठाच्याच आहेत. जळगावातल्या महाविद्यालयातून १९८५ ला बी. कॉम. झालेल्याने दुय्यम पदवीपत्रासाठी किंवा पडताळणीसाठी पुण्यालाच अर्ज करायचा. पुष्कळ जण आजच्या विद्यापीठाकडे अर्ज करतात, तो परत येतो आणि त्यात महिने जातात. पदवीपत्रावर ज्या विद्यापीठाचे नाव आणि शिक्का आहे, तेच पडताळणी करते.

वैद्यकीयचेही तसेच. १९९८ ला नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले, तेव्हापासून वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, परिचर्या ही महाविद्यालये तिकडे गेली. म्हणजे आज पुण्यातले बी. जे. वैद्यकीय पुणे विद्यापीठाच्या यादीत नाही, पण तिथल्या जुन्या डॉक्टरांच्या पदव्या मात्र पुणे विद्यापीठाच्या.

२०१४ ला नाव बदलले त्याचाही गोंधळ परदेशी अर्जात होतो. आधीच्या पदवीपत्रावर 'पुणे विद्यापीठ', नंतरच्यावर 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ'. अर्जात पदवीपत्रावरचे नाव जसेच्या तसे लिहावे आणि 'आताचे नाव' या रकान्यात नवे. जुने पदवीपत्र नव्या नावाने बदलून घेण्याची गरज नाही.

---

दगडी कमान

परिसराबद्दल. क्षेत्र ४११ एकर, म्हणजे साधारण १६६ हेक्टर. ही जागा मिळवून देण्यात मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांचा मोठा वाटा, ती हाती आली १९५० च्या सुरुवातीला. पत्ता गणेशखिंड, पुणे ४११००७.

मुख्य इमारत विद्यापीठासाठी बांधलेली नाही, हे फलकावर जरूर यावे. ते मुंबईच्या गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान. बांधकाम १८६४ ला बार्टल फ्रिअरच्या काळात सुरू झाले, १८७१ ला संपले. वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ. वर चौकोनी मनोरा दिसतो. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ याच वास्तूत होता, आणि तिथून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. मुलांना इमारत दाखवायला नेणार असाल तर आधी हे सांगून न्या, मग तीच वास्तू निराळी दिसते.

परिसरातल्या आयुका (खगोलशास्त्र), एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्र) आणि एनसीसीएस (पेशीविज्ञान) या संशोधन संस्था विद्यापीठाचे विभाग म्हणून मोजू नका. आयुका विद्यापीठ अनुदान आयोगाचे केंद्र, १९८८ चे. एनसीआरए टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, खोडदची महादुर्बीण तेच चालवतात. एनसीसीएस केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडे. तिथे पीएच. डी. किंवा प्रकल्पासाठी जायचे तर त्यांची स्वतःची निवडप्रक्रिया असते, विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेशी तिची गल्लत करू नये.

---

वाचनकट्टा

फार उपयोग झाला. शेवटचे दोन प्रश्न. सीओईपी (पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय) यादीत धरायचे का? आणि निकाल किती दिवसांत लागला पाहिजे, असा काही नियम आहे का? पालक हे नेहमी विचारतात.

---

नोंदवही

सीओईपी धरू नका. आधी ते पुणे विद्यापीठाला संलग्न स्वायत्त महाविद्यालय होते, २०२२ पासून स्वतंत्र राज्य विद्यापीठ आहे. अभियांत्रिकीतली काही महाविद्यालये लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाकडेही गेली आहेत, म्हणून महाविद्यालय पुण्यात आहे एवढ्यावरून विद्यापीठ ठरवू नये. कृषी महाविद्यालय राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे, कर्वे रस्त्यावरचे एसएनडीटी मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाकडे. डेक्कन कॉलेज, गोखले संस्था, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, सिंबायोसिस ही अभिमत विद्यापीठे, म्हणजे केंद्राने विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्था. प्रवेशपत्रावर 'संलग्न' या शब्दापुढे काय छापले आहे तेवढे वाचायला मुलांना शिकवा.

---

अधिसभा वाचक

निकालाचा नियम कायद्यातच आहे: परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि काही झाले तरी ४५ दिवसांच्या आत. तेवढ्यातही लागला नाही तर विद्यापीठाला कारणांसह सविस्तर अहवाल शासनामार्फत कुलपतींकडे पाठवावा लागतो. पालकांनी दिवस मोजताना शेवटच्या पेपरची तारीख धरावी, स्वतःच्या मुलाच्या शेवटच्या पेपरची नव्हे. वैकल्पिक विषयांचे पेपर नंतरही चालू असतात. ४५ दिवस उलटले तर महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाकडे लेखी विचारणा करावी. अर्जात पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक), आसन क्रमांक आणि परीक्षेचे सत्र हे तिन्ही लिहावे. पीआरएन नसलेला अर्ज बाजूला पडतो, कारण नुसत्या नावाने नोंद शोधता येत नाही. तिथे उत्तर आले नाही तर परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे, आणि त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज विद्यापीठाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे. फलकावर ही एक ओळ पक्क्या शाईने लिहा, ती कायद्यातली आहे.